कच्चे गळू

स्वादुपिंड! नाव किती गोड. पण हा अवयव बिघडला म्हणजे मोठा कडू निघतो. जठराच्या मागे तो निमूटपणे अन्न पचविणारे रस तयार करीत असतो. पित्तखड्याने किंवा दारूने एकदा चवताळला, की तेच रस त्याला स्वतःलाच पचवू लागतात. काही भाग मरतो, आणि त्या मेलेल्या भागात पू झाला तर गाठ जिवाशी असते.

दहिवडीकडच्या आमच्या आतेभावावर, आबांवर, ही पाळी आली. ताप हटेना. "पू आहे म्हणता, मग कापून काढत का नाहीत?" नातेवाइकांचा हा सवाल रोकडा होता. पूर्वी उत्तरही तसेच रोकडे असे: पोट उघडायचे आणि मेलेले सारे काढून टाकायचे.

2010 साली हॉलंडच्या डॉक्टरांचा 88 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचे पोट थेट उघडले. इतरांना आधी नळीने पू वाहू दिला आणि भागले नाही तरच लहान छेद घेतला. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात 69 टक्क्यांना, दुसऱ्यात 40 टक्क्यांना. मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. पण दुसऱ्या गटातल्या 35 टक्क्यांना नुसती नळीच पुरली. शिवाय रोग्याला सोसवत असेल तर नळीलाही घाई करीत नाहीत. चारएक आठवड्यांत पुवाभोवती भिंत धरते.

आत्याला हे सांगितले, तर ती म्हणाली, "आरं, कच्चं गळू कुणी फोडतं व्हय?"

माणदेशची माणसे वाट पाहण्यात वाकबगार. पण पाऊस लांबला म्हणून ती हातावर हात ठेवून बसत नाहीत. विहिरीचा गाळ काढतात, बांध घालतात. डॉक्टरांचेही तसेच चालले होते: प्रतिजैविके, नाकातल्या नळीने अन्न, रोजची राखण. प्रकृती ढासळली असती तर ते थांबणार नव्हते.

पाचव्या आठवड्यात डाव्या कुशीतून नळी घातली. पुढे ती बदलून जाड नळी बसवली. ताप उतरला, पोट उघडावे लागले नाही.

नळी निघाली त्या दिवशी आबांनी भाकरी आणि ठेचा मागितला. डॉक्टर म्हणाले, "भाकरी थोडी चालेल, ठेच्याला अजून अवकाश आहे." आबा हसले. वाट पाहण्याचा सराव त्यांना होताच.