सहल कुठे न्यायची?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आमच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विषय निघतो. यंदा सहल कुठे न्यायची? पारशिवनीत राहणाऱ्याला खरे तर हा प्रश्न पडायलाच नको. एका बाजूला पेंचचे जंगल. ते १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झाले आणि २०२४ साली तेथील काळ्याभोर, चांदण्यांनी भरलेल्या आकाशासाठीही जगाच्या यादीत गेले. जवळच नवेगाव खैरीचे धरण आहे. पेंचच्या खडकांत घोगरा महादेव आहे. पलीकडे रामटेकचा गड, खिंडसीचा तलाव, नगरधनचा किल्ला, मनसरचे उत्खनन. नागपूरच्या दिशेने निघालो तर आधी बाबा ताजुद्दीन यांचे जन्मगाव कामठी आणि पुढे ताजबाग. लोक दुरून पैसे खर्चून जे बघायला येतात, ते आमच्या दाराशी आहे.

तरीही आमची सहल वर्षानुवर्षे धरणावरच जाते. मुले डबे खातात, क्रिकेट खेळतात, संध्याकाळी परत. कारण सोपे आहे. धरणाला कोणाचीच हरकत नसते.

रामटेकचे नाव काढले की एखादे वडील येऊन विचारतात, "सर, बच्चों को मंदिर दिखाने ले जा रहे क्या?" ताजबागेचे नाव काढले की दुसरे येतात. "दरगाह पे ले जाओगे तो मेरा लड़का नहीं आएगा. ये सब बिदअत है." दोघेही भले माणूस. दोघांनाही मुलांच्या ईमानाची काळजी. आणि आम्ही मास्तर लोक दोघांनाही "जी भाई" म्हणून धरणाची बस ठरवतो.

ताजुद्दीन बाबांची हकीकत आम्ही वर्गात सांगतो. १८६१ साली कामठीत जन्म. १८९२ साली लोकांनी वेडा म्हणून नागपूरच्या पागलखान्यात टाकले. सोळा वर्षे ते तेथे होते. १९०८ साली त्यांना तेथून सन्मानाने आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर कोणी नेले? राजे रघुजीराव भोसल्यांनी. पुढे बाबा कन्हानच्या काठी वाकीलाही राहिले. १९२५ साली त्यांचे निधन झाले. दर्ग्यावर मागणे मागावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या अकीद्याचा प्रश्न आहे आणि त्यात आम्ही पडत नाही. पण एका मुसलमान फकिराला एका हिंदू राजाने घर दिले, हा आमच्या जिल्ह्याचा इतिहास आहे. तो मुलांना कळायला नको का?

रामटेकशी तर आमचे नाते याहून जवळचे. आमचे अब्बा मन्यार. कार्तिकात रामटेकची यात्रा भरली की ते बांगड्यांची पेटी घेऊन जायचे. शिवरात्रीला घोगऱ्याला. लहानपणी आम्हीही सोबत असायचो. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटले की खाली एकदम गलका व्हायचा, आणि अब्बा कोण्या आजीच्या हातात बांगडी चढवता चढवता क्षणभर मान वर करून बघायचे. पाच वक्ताचे नमाजी होते ते. यात्रेतच दुकानामागे चादर अंथरून नमाज पढायचे, तेवढा वेळ शेजारचा फुटाणेवाला पेटीवर लक्ष ठेवायचा. त्यांचे ईमान कधी डळमळले नाही. आमच्या बी.एड.च्या फीमध्ये त्या यात्रेचे पैसे होते. रामाच्या यात्रेचे मीठ आम्ही खाल्ले आहे, हे बोलायला आम्हाला लाज वाटत नाही. पण पालकांच्या बैठकीत बोलायची हिंमतही कधी झाली नाही.

गेल्या वर्षी मात्र आम्ही सदर साहेबांना म्हटले, यंदा नगरधन, मनसर, खिंडसी आणि शेवटी रामटेकचे कालिदास स्मारक. मंदिरात कोणाला नेणार नाही. ते मान्य झाले. नववीतल्या एका मुलीने मात्र फॉर्म आणला नाही. हुशार मुलगी, इतिहासात वर्गात पहिली. आम्ही तिच्या घरी गेलो.

चहा आला. वडिलांनी आधी मंदिराचाच मुद्दा काढला. आम्ही स्मारकाचे सांगितले, मेघदूताचे सांगितले, अब्बांच्या बांगड्यांचेही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "सर, मज़हब की बात नहीं है. बच्ची स्कार्फ बाँधती है. वहाँ किसी ने कुछ बोल दिया तो?"

आम्ही निरुत्तर झालो. इतकी वर्षे आम्ही ज्याला कट्टरपणा समजत होतो, त्यातला निम्मा भाग भीतीचा होता. आणि खरे सांगायचे तर ती भीती आमच्याही पोटात होती. म्हणूनच तर दरवर्षी धरण! "मैं साथ में रहूँगा," एवढेच आम्ही म्हणालो. त्यांनी सही केली.

नगरधनच्या किल्ल्यावर मुलांना सांगितले की सोळाशे वर्षांपूर्वी येथे वाकाटकांची राजधानी होती, नंदिवर्धन. गुप्त सम्राटाची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने नवऱ्यामागे, मुले लहान असताना, येथून राज्य चालवले. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. ती मुलगी पुढे येऊन म्हणाली, "सर, रज़िया सुलतान के भी पहले?" आम्ही म्हटले, आठशे वर्षे आधी. तिने वहीत लिहून घेतले. खिंडसीच्या पाण्यावर आम्ही वजू केला, काठावर जोहरची जमात झाली, मग मुले नावेत बसली.

रामटेकला गडाच्या वाटेवर एका माणसाने विचारलेच, "तुम्ही लोक इकडे कशाला?" आवाजात शिवी नव्हती, पण गोडवाही नव्हता. सोबत राहण्याचा शब्द देणारे आम्ही नेमके गप्प झालो. तोंडातली मराठी कुठे गेली कोण जाणे. त्या मुलीनेच उत्तर दिले, "काका, शाळेची सहल आहे. पारशिवनीची." साधे, स्वच्छ मराठी. तो माणूस क्षणभर थांबला आणि बाजूला झाला. शेजारी बोरे विकत बसलेली म्हातारी म्हणाली, "पारशिवनीची म्हणजे इथलीच ना! घ्या वं पोरीहो बोरं." तिने पैसे घेतले, पण मापावर मूठभर जास्त टाकली.

त्या दिवशी काही फार मोठे घडले असे नाही. तो माणूस बदलला असेल, असेही आम्ही म्हणणार नाही. पण वडिलांना ज्याची भीती होती ते घडले, आणि मुलगी त्यातून मान खाली न घालता पार पडली. हे तिला वर्गात बसून शिकवता आले नसते. मराठी हा आमच्या शाळेत एक विषय आहे, मुले पास होण्यापुरती ती वाचतात. त्या वाटेवर ती भाषा तिच्या कामाला आली. आम्हालाही एक धडा मिळाला, लाजिरवाणा का असेना.

वर स्मारकात भिंतींवर मेघदूताची चित्रे होती. रामगिरीवर एकटा पडलेला यक्ष ढगाकरवी घरी निरोप पाठवतो, ही गोष्ट मुलांनी मन लावून ऐकली. एकाचे वडील सौदीत कामाला आहेत. त्याने विचारले, "फोन नहीं था ना सर, इसलिए?" सगळे हसले, तो हसला नाही.

परतताना बसमधून मुलांना सांगितले की नागपूरकर जे पाणी पितात, त्यातले बरेचसे आपल्या पेंचचे, नवेगाव खैरीहून जाणारे. ताजबागेत वजू करणारा आणि शेजारच्या मोहल्ल्यात देवाला पाणी घालणारा, दोघांच्या नळाला तेच. हे आम्ही उपदेश म्हणून नाही, भूगोल म्हणून सांगितले.

यंदा पुन्हा स्टाफरूममध्ये तोच प्रश्न निघाला. आम्ही ताजबागेचे नाव दिले आहे. आता त्या दुसऱ्या वडिलांच्या घरी चहाला जायचे आहे. या वेळी आधी बोलायचे नाही, आधी ऐकायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.