मनातले मांडे

आमच्या घराण्यात एक वाक्य वडिलोपार्जित ठेव्यासारखे चालत आले आहे. बाहेर कोठेही काही खाल्ले की आमच्यापैकी कोणी तरी म्हणतोच, "हेच घरी निम्म्या पैशांत झाले असते!" माझे आजोबा हे म्हणत, वडील म्हणत, आणि मीही ते इतक्या वेळा म्हणालो आहे की, माझ्या तोंडून ते आता आपोआप बाहेर पडते. या वाक्यात व्यवहाराचे शहाणपण आहे, यात शंका नाही. परंतु ते अपुरे आहे, हे मला माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने शिकविले.

गोष्ट गेल्या माघातली. पुण्यात एका मोठ्या मैदानावर खाद्यमहोत्सव भरला होता. नंदूने भाऊबीजेचे तीनशे रुपये त्यासाठी जपून ठेवले होते. "मामा, हे पैसे मी माझ्या मनाने खर्च करणार," असे त्याने निघतानाच बजावले. प्रवेशासाठी माणशी पन्नास रुपये मोजावे लागले, तेव्हाच माझ्या कपाळाला पहिली आठी पडली.

आत पाहावे तो जणू सारा महाराष्ट्र चुली मांडून बसलेला! एकीकडे कोल्हापूरचा तांबडा रस्सा उकळत होता, दुसरीकडे कोकणातील सोलकढी गुलाबी दिसत होती; कोठे सोलापूरच्या शेंगांच्या चटणीचे ढीग होते, तर कोठे कोवळा हुरडा भाजला जात होता. नंदूचे डोळे भिरभिरत होते. एवढ्यात रंगीत दिव्यांनी सजविलेल्या एका दुकानापुढे तो थबकला. तेथे उंच पेल्यातून निळे सरबत मिळत होते आणि त्यातून पांढरा धूर निघत होता. किंमत एकशेवीस रुपये! मी काही बोलण्यापूर्वीच पेला त्याच्या हातात आला. धूर विरला. चार घोटांत सरबत संपले. उरला तो गळ्यापर्यंत भरलेला बर्फ.

झाले! माझे वडिलोपार्जित वाक्य बाहेर पडले. एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरे. पण मी लिंबांचा भाव काढला, साखरेचा काढला, आणि एकशेवीस रुपयांत साऱ्या आळीला सरबत कसे पाजता आले असते, ते त्याला सप्रमाण सिद्ध करून दाखविले. "या असल्या जत्रांत पैसा पाण्यात जातो," असा निकालही देऊन टाकला. माझा हिशेब अचूक होता. परंतु नंदूने उरलेले पैसे खिशात खोल कोंबले आणि तो खाली मान घालून चालू लागला. आता त्याला काही पाहावयाचे नव्हते.

आम्ही परत फिरलो. दाराशी पोहोचण्यापूर्वीच एका कोपऱ्यातून चुलीच्या धुराचा आणि गुळाचा वास आला. तेथे माणसांचे कोंडाळे जमले होते. मध्यभागी एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. पुरण भरलेला कणकेचा गोळा त्यांनी थोडा लाटला आणि दोन्ही हातांवर घेतला. या हातावरून त्या हातावर फिरता फिरता तो वाढू लागला. पाहता पाहता तो कोपरांपर्यंत पसरला आणि इतका पातळ झाला की, पलीकडचा जाळ त्यातून दिसावा! मग त्यांनी तो चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पसरला.

"खापरावरची पुरणपोळी," त्या म्हणाल्या. "आमच्या खानदेशात हिलाच मांडे म्हणतात."

नंदूची मान वर झाली. "मामा, 'मनात मांडे खाणे' म्हणतात ते हेच का मांडे?"

हेच! तो वाक्प्रचार मी शेकडो वेळा वापरला होता. ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथाही मला ठाऊक होती. पण खरा मांडा मी जन्मात पाहिला नव्हता. पाटीवर किंमत होती दीडशे रुपये. "हेच घरी..." मी सवयीने सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. घरी? आमच्या घरी हे कोणाला येणार होते?

गर्दी थोडी ओसरली तशी नंदूने त्या बाईंना प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनीही काम करता करता सारे सांगितले. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्राने गाळायचे, कणीक सैल भिजवून रबरासारखी ताणेपर्यंत तिंबायची. हात बसायला त्यांना दोन वर्षे लागली होती. त्या जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातून बचत गटाच्या चौघीजणींसह आल्या होत्या. खापरे गोधड्यांत गुंडाळून आणली, तरी वाटेत एक फुटलेच. जागेचे भाडे आधीच भरलेले. उरलेले पुरण दुसऱ्या दिवशी चालत नाही. "सगळे जाऊन हाती थोडेच राहते, दादा," त्या हसून म्हणाल्या, "पण लोक बघतात, विचारतात, ते घरी बसून थोडेच होणार?"

मी पैसे काढू लागलो, तर नंदूने माझा हात धरला. "मामा, हे पैसे माझे आहेत," असे म्हणत त्याने दीडशे रुपये मोजून दिले. तुपाची धार सोडलेला तो मऊसूत मांडा आम्ही दोघांनी मिळून दुधाशी खाल्ला.

परतताना मी मनाशी हिशेब मांडला. दोन्ही दुकानांची किंमत जवळजवळ सारखीच. पण एकाने आम्हांला बर्फ आणि धूर विकला, तर दुसऱ्याने दोन वर्षांची शिकवण आणि शेकडो मैलांचा प्रवास विकला. तेव्हा अशा महोत्सवांत पैशांचे चीज होते की नाही, याला एकच उत्तर नाही. आधी सगळीकडे एक फेरी मारावी, पदार्थ कोण करतो आणि कसा करतो ते डोळ्यांनी पाहावे, आणि मग खिशात हात घालावा. जे घरी सहज होते, त्यासाठी तेथे जाऊ नये. जे घरी होणे नाही, त्याचा भाव घरच्या तराजूत तोलू नये. आणि मुलाच्या आनंदातून लिंबाचा भाव तर कधीच वजा करू नये.

पुढल्या आठवड्यात नंदूने शाळेची वही दाखविली. 'मनात मांडे खाणे' याचा वाक्यात उपयोग करावयाचा होता. त्याने लिहिले होते : "माझे मामा साठ वर्षे मनात मांडे खात होते, शेवटी मी त्यांना खरे खाऊ घातले."