गुरुजी, कोण गेलं?

इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची ॲशेस मालिका आमच्या पिढीने ऐकली आणि वाचली, पाहिली नाही. डेनिस लिली किती लांबून धावत येतो यावर उस्मानाबादच्या कट्ट्यांवर आम्ही तावातावाने भांडलो, पण त्याला धावताना पाहिलं ते गावात टीव्ही आल्यावर, आणि तोवर तो निवृत्त झाला होता. आज धाराशिवच्या बसस्थानकात गाडीची वाट बघणारा पोरगा पॅट कमिन्सचं मनगट संथगतीत, तीन बाजूंनी बघतो. त्याला जे दिसतं त्याचा दहावा हिस्साही आमच्या वाट्याला आला नाही.

परक्या दोन देशांच्या मालिकेत आमचा जीव का अडकावा? त्याला कारण होतं. १९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्नला लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं म्हणून चिडलेले गावसकर चेतन चौहानला सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. पुढे त्याच सामन्यात मांडी दुखावलेल्या कपिलने २८ धावांत पाच बळी घेतले आणि १४३ धावांच्या मागे लागलेला ऑस्ट्रेलिया ८३ वर आटोपला. लिली, मार्श, बॉर्डर, ह्यूज ही नावं त्यामुळे घरातली झाली. काही महिन्यांत तीच माणसं इंग्लंडला गेली, तेव्हा त्यांचं तिथं काय होतंय हे कळल्याशिवाय आम्हाला चैन पडेना. कुणी गावसकरांचा राग धरून इंग्लंडच्या बाजूचे, कुणी साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. आमच्या जिल्ह्यावर राज्य होतं निजामाचं, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. पण साहेबावरचा राग आम्ही बाकीच्या महाराष्ट्राकडून घेऊन आपलासा केला होता.

खेळ आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा. पेरण्या उरकलेल्या असायच्या, मूग-उडीद वीतभर वर आलेले, सगळ्यांचे डोळे पावसाकडे. गल्लीत शॉर्टवेव्ह नीट लागणारा रेडिओ एकाच वाड्यात होता. त्याच्या एरियलला तांब्याची तार बांधून ती खिडकीच्या गजांतून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत नेलेली. सेल उतरत आले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी आणखी थोडा वेळ चालत. काटा केसभर सरकला की बीबीसी जाऊन भलतंच स्टेशन लागायचं, म्हणून काट्याला हात लावायचा मान एकट्या गुरुजींचा. इंग्रजी समालोचन समजणारेही तेच. आवाज चढायचा, विरायचा, मध्येच नुसती खरखर. गुरुजी कान रेडिओला लावून एक हात वर धरायचे. हात वर असेपर्यंत सगळे गप्प. मग एकदम म्हणायचे, "गेला!"

"गुरुजी, कोण गेलं?"

"आरं थांबा की जरा. टाळ्या वाजायल्यात, नाव कुठं ऐकू येतंय?"

तेवढ्या वेळात आम्ही आपापल्या मनाने निम्मा संघ बाद करून टाकलेला असायचा. आता गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतो आणि बाद कोण, कसा, किती धावांवर, हे सगळं पडद्यावर एकदमच उमटतं. काही विचारायची गरजच उरत नाही.

या आठवणीत मी रमतो, पण त्या वाड्यातली बसायची रीत आठवली की रमणं थांबतं. ओसरीवर घरचे आणि गावातले मानाचे लोक. पायऱ्यांवर आम्ही. आणि वस्तीवरची पोरं फाटकाबाहेर उभी. त्यांना स्कोअर आम्ही ओरडून सांगायचो आणि आपण काही मोठं देतोय असं आम्हाला वाटायचं. घरातल्या मुली माजघराच्या दाराआडून ऐकत. त्यांतल्या एकीला बोथमचे सगळे आकडे पाठ होते. तिला कुणी कधी ओसरीवर बोलावलं नाही. मोबाइलने ते फाटक काढून टाकलं. ३१ मार्च २०२३ ला तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर चेन्नईकडून आयपीएलमधला पहिला सामना खेळला आणि त्याने तीन गडी बाद केले, ते वाड्यात आणि वस्तीत एकाच वेळी दिसलं. कुणी कुणाला ओरडून सांगावं लागलं नाही. ही गोष्ट माझ्या सगळ्या हळहळीपेक्षा मोठी आहे, आणि तरी हळहळ जात नाही.

१९८१ ची हेडिंग्ले कसोटी घ्या. इंग्लंडवर फॉलोऑन आला, शनिवारी खेळ संपताना १ बाद ६. इंग्लंड जिंकेल यावर पाचशेस एक असा सट्ट्याचा भाव मैदानातल्या फलकावर झळकला होता. रविवार विश्रांतीचा. तेव्हा कसोटीच्या मध्ये असा एक दिवस असायचा. कुणी खेळायचं नाही, सगळ्यांनी बोलायचं. हरल्यात जमा असलेल्या त्या सामन्यावर आम्ही रविवारभर बोललो. वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून धावफलक उतरवला, ऑस्ट्रेलियाच्या डावाने जिंकण्याची जागा आधीच मोकळी ठेवली. आता २०२५ च्या नोव्हेंबरात पर्थची कसोटी दोन दिवसांत संपली. वही काढेपर्यंत निकाल.

सोमवारचा खेळ आम्हाला नीट ऐकू आला नाही, आभाळ भरून आलं होतं. मंगळवारी सकाळी सोलापूरच्या एसटीने पेपरचे गठ्ठे आले. आमच्याकडे यायची ती डाक आवृत्ती, रात्री लवकर छापलेली. इंग्लंडातला खेळ आपल्याकडे रात्री साडेदहाच्या पुढे चालायचा. त्यामुळे पेपरात चहापानापर्यंतचाच स्कोअर. इंग्लंड सात बाद, डावाने हरायच्या बेतात. सातवा गडी १३५ वर पडला तेव्हा डावाचा पराभव टाळायलाच अजून ९२ धावा हव्या होत्या. आणि त्याच सकाळी रेडिओच्या बातम्यांत बोथम १४५ वर नाबाद!

पेपर खरा की रेडिओ? चहाच्या टपरीवर दोन तट पडले. छापलेल्या अक्षरावर भरवसा असलेले एक काका म्हणाले, "रेडिओवाल्याची जीभ घसरली असंल. पंचेचाळीस असतील." टपरीवाल्याने दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूने दोन्ही स्कोअर लिहिले, वर पेपरचा, खाली रेडिओचा. पाण्याच्या फेऱ्या करणारा टँकरवाला, कचेरीतले कारकून, शाळेची पोरं, जो तो थांबून ती पाटी वाचायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "खरं काय हो?" शेजारचा ओळखीचा असण्याची गरज नव्हती. एसटीत अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर एकच वाक्य लागायचं, "स्कोअर काय झाला?" त्यावर उमरग्यापर्यंत गप्पा पुरत.

२५ ऑगस्ट २०१९ ला त्याच हेडिंग्लेवर पहिल्या डावात ६७ वर कोसळलेला इंग्लंड ३५९ च्या मागे होता. नववा गडी पडला तेव्हा ७३ धावा हव्या होत्या. दुसऱ्या बाजूला जॅक लीच, त्याच्या नावावर शेवटी एक धाव. नेथन लायनने बेन स्टोक्सला पायचीत पकडलं, पंचांनी नाही म्हटलं, ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता. आणि लगेच आम्हाला दिसलं की चेंडू यष्ट्यांवरच जात होता. १९८१ मध्ये असं काही घडलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं. रविवारची रात्र होती, घरात सगळे होते. स्टोक्सने चौकार मारला, मी टीव्हीसमोर ओरडून उठलो. मुलगा फोनमधून मान वर करून म्हणाला, "बाबा, माझ्याकडे मघाशीच जिंकले." त्याचा फोन टीव्हीच्या थोडा पुढे चालला होता. त्याने मला सांगितलं नाही, माझी मजा जाऊ नये म्हणून. चांगुलपणाच तो. पण एका खोलीत बसून आम्ही तो विजय वेगवेगळा पाहिला, आणि ते मला अजून लागतं.

त्या जुन्या मंगळवारी दिवेलागणीला मात्र रेडिओ साफ लागला. १३० धावा हव्या असलेला ऑस्ट्रेलिया १ बाद ५६ वरून १११ वर सर्वबाद. बॉब विलिस ४३ धावांत आठ. इंग्लंड १८ धावांनी विजयी. गुरुजींचा वर धरलेला हात खाली येईना. फाटकाबाहेरची पोरंही त्या दिवशी आत आली, कुणी बोलावलं नाही आणि कुणी हटकलंही नाही. सामना कुणी जिंकला, बोथमच्या १४९ धावांनी की विलिसच्या आठ बळींनी, हा वाद तिथंच सुरू झाला आणि आमच्यापैकी जे आहेत त्यांच्यात आजही चालू आहे. जगाने सामना बोथमच्या नावे केला. माझ्या मते तो विलिसचा. १३० म्हणजे काय धावा आहेत? एक भागीदारी जमली असती तर बोथमची खेळी हरलेल्या सामन्यातली एक चांगली खेळी म्हणून उरली असती. बोथमवाल्यांना हे पटत नसेल, तर मेसेज पाठवू नका. घरी या.