पट्टीखालचा प्रकाश

घरच्या पियानोला हातानं बनवलेले सेन्सर बसवायचे तर ते पट्टीला न शिवणारेच हवेत, असं माझं ठाम मत आहे. साध्या स्विचनं काम भागतं, पण त्याची स्प्रिंग बोटाला जाणवते आणि ज्या स्पर्शासाठी खरा पियानो ठेवायचा तोच बिघडतो. त्यापेक्षा 88 पट्ट्यांखाली एकेक इन्फ्रारेड एलईडी आणि शेजारी फोटोट्रान्झिस्टर बसवावा. पट्टी खाली येते तसा परतणारा प्रकाश वाढतो. फारच जवळ आली तर उलट घटतो, म्हणून अंतर जपावं लागतं. पट्टीचा सगळा प्रवास जेमतेम 10 मिलिमीटरचा. त्यातल्या दोन बिंदूंमध्ये गेलेल्या वेळावरून वेग कळतो आणि 1983 मध्ये आलेल्या मिडी या वाद्यांच्या डिजिटल संकेतभाषेत तो 1 ते 127 मधला एक आकडा होतो.

एवढ्या खटाटोपापेक्षा डिजिटल पियानो घ्या, असं कुणी म्हणेल. पण त्यात तारा नाहीत, आणि वादक तारेचा आवाज ऐकतच बोटाचा दाब ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सूर उमटतो हातोडीमुळे, आणि ती तारेला लागण्याआधी पट्टीपासून सुटलेली असते. खरंच आहे, पट्टीचा वेग हा अंदाजच, आणि म्हणून प्रत्येक पट्टीचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं. मात्र बोट सावकाश उचललं की डॅम्पर तारेवर हळूहळू टेकतो, सूर विरत जातो. हातोडीवरच्या सेन्सरला हे दिसत नाही; पट्टीखालच्याला दिसतं.