लाईन सोडू नको

1
भात कापून झालं की कर्नाटकातल्या जोयड्यात फुटबॉलची मैदानं तयार होतात. तालुका जंगलाचा, सपाट जागा म्हणजे शेत. बांध हीच टचलाईन. पलीकडचं शेत हातभर खाली, त्यामुळे बॉल बाहेर गेला की आणायला वेळ लागतो. तेवढ्यात मागची फळी जागेवर परतते.

2
लहान पोरं सगळीच्या सगळी बॉलमागे. गोलकीपरसुद्धा अर्ध्या मैदानात. ज्या दिवशी एखादा पोरगा बॉल सोडून मोकळ्या जागेकडे बघतो, त्या दिवशी संघाला बॅक, म्हणजे बचावपटू, मिळाला.

3
बांधावरून येणाऱ्या सूचना: ‘मॅन पकड.’ ‘लाईन सोडू नको.’ ‘मागे बघ, मागे!’ शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. कोकणी, मराठी, कन्नड.

4
वस्ती विरळ. अकरा जण जमवणं हाच पहिला डावपेच.

5
गोल 7.32 मीटर रुंद. चार बॅकनी हाताला हात लावून साखळी केली तर साधारण तेवढीच भरेल. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान मात्र 64 ते 75 मीटर रुंद. उरलेली जागा कोणी, कधी आणि कोणाच्या भरवशावर सोडायची, यावर सगळ्या प्रशिक्षकांची पोटं चालतात.

6
1925 पूर्वी ऑफसाईड टाळायचं तर समोर प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी दोन पुरे झाले. गोल धडाधड पडू लागले. ऑक्टोबरात न्यूकॅसलनं आर्सेनलवर सात गोल चढवले. आर्सेनलचा खेळाडू चार्ली बुकन याचं म्हणणं प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमननी ऐकलं आणि मधल्या हाफला दोन बॅकच्या मध्ये नेऊन उभं केलं. स्टॉपर आला तो असा.

7
तालुक्याचं जुनं ठाणं सुपा काळी नदीवरच्या धरणात गेलं. ठाणं जोयड्याला आलं. धरणग्रस्त रामनगरला वसले. संघाची असो वा तालुक्याची, कागदावर रचना बदलायला एक आदेश पुरतो.

8
कॅसलरॉक याच तालुक्यात. ब्रिटिश अमदानीत गोव्याची गाडी इथे थांबे, सामान तपासलं जाई. पुढे घाट, चढ-उतार 1 ला 37. गाडी उतारावर हाताबाहेर जाऊ नये म्हणून जादा इंजिनं जोडतात. प्रवासी खिडकीतून दूधसागर धबधबा बघतात, गाडी अडवून धरणारी इंजिनं नाही.

9
घाटाखाली गोवा. 1983-84 च्या संतोष ट्रॉफी या राष्ट्रीय स्पर्धेत गोव्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही गोल खाल्ला नाही आणि करंडक आणला. कर्णधार आणि गोलकीपर ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. हे नाव जुन्या प्रेक्षकांना पाठ आहे. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या बॅकची नावं विचारून बघा.

10
1962, जकार्ता, आशियाई स्पर्धा. भारताचा स्टॉपर जर्नैल सिंग, डोक्याला टाके पडलेले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवलं नाही, फॉरवर्डला पाठवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल केला. भारत 2-1. त्यानंतर आशियाई फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. जर्नैल आयुष्यभर गोल अडवत आला, पण लोक सांगतात ती गोष्ट या गोलाची.

11
हरलेल्या संघात भांडण मागच्या फळीत. जिंकलेल्या संघात फोटो पुढच्या फळीचा.

12
मिलानचे प्रशिक्षक आरिगो साक्की शेवटचा बॅक आणि पहिला फॉरवर्ड यांच्यात 25 मीटरच्या आसपास अंतर मागत. सगळे एकत्र पुढे, एकत्र मागे. त्यासाठी बॉलशिवाय सराव घेत. आपल्याकडे बॉल आणायला विसरलं तर सराव रद्द होतो.

13
गोलकीपरला आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम दिलेला पास हातात धरायला 1992 पासून बंदी. तेव्हापासून बॅकलाही बॉल खेळवता यावा लागतो. शेतातल्या सामन्यात यावर तोडगा जुनाच: उचलून मार, जंगलात जाऊ दे.

14
चांगला बॅक घसरून टॅकल करतो तेव्हा टाळ्या पडतात. त्याहून चांगल्या बॅकचे कपडे सामन्यानंतरही स्वच्छ असतात.

15
पुढच्या सामन्यात पाच मिनिटं बॉल बघू नका. बॉल डावीकडे असताना उजवा बॅक काय करतो ते बघा. तो आत सरकला नसेल, तर गोल त्याच बाजूनं होईल. शेजारच्याला आधी सांगून ठेवा.