अक्षरशः

इंग्रजीतील ‘लिटरली’ या शब्दावर माझा जुना राग आहे. बेळगाव जिल्ह्यातील आमची सरकारी मराठी शाळा. मुलांच्या घरात मराठी, कचेरीत कानडी, आणि आता मोबाइलच्या कृपेने जिभेवर इंग्रजी. ‘मी लिटरली मेलो’ असे एखादा धडधाकट मुलगा मैदानावरून धावत येऊन सांगू लागला, की माझ्यातील भाषेचा शिक्षक अस्वस्थ होतो.

गेल्या पावसाळ्यातील एका सोमवारची गोष्ट. नववीच्या वर्गात एका मुलीने गृहपाठ केला नव्हता. कारण विचारताच ती हळूच म्हणाली, “सर, कालपासून मी लिटरली काही खाल्लेलं नाही.” वर्ग हसला, आणि मला व्याख्यानाची संधी सापडली. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. तेव्हा ‘लिटरली’ म्हणजे आपले ‘अक्षरशः’. जे अक्षराचाही फरक न करता खरे असेल, त्यालाच हा शब्द लावावा. जो अक्षरशः मेला, तो ते सांगायला उरत नाही! वर्ग पुन्हा हसला. ती मुलगी तशीच उभी होती.

दुपारी भोजनाच्या पंक्तीत ती तिसऱ्यांदा भात मागताना दिसली. वाढणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, की शनिवारी रात्री तिच्या आईला इस्पितळात नेले, वडील तिकडेच, रविवारी घरात चूल पेटली नव्हती. कर्नाटकात शाळेतील या भोजनाला ‘अक्षर दासोह’ म्हणतात. दासोह म्हणजे अन्नदान. सकाळी मी तिला अक्षराचा अर्थ शिकविला होता. अन्न दुसऱ्या कुणी वाढले.

त्या रात्री कोश उघडून बसलो. ‘लिटरली’चा अतिशयोक्तीसाठी वापर ही आजच्या मुलांची करामत नव्हे, फ्रान्सिस ब्रुक या लेखिकेच्या १७६९ मधील कादंबरीतही तो आढळतो. ऑक्सफर्डच्या कोशाने हा अर्थ नोंदविल्याचे २०१३ मध्ये वृत्तपत्रांच्या ध्यानी आले, तेव्हा केवढा गहजब झाला! पण ‘व्हेरी’चाही मूळ अर्थ ‘खरा’ असाच होता. आज तो ‘फार’ एवढाच उरला. आणि आपण तरी काय करतो? ‘पावसाने अक्षरशः झोडपले’, ‘अक्षरशः पाय धरले’ असे मीच कितीदा लिहिले आहे. तेथे कोणाच्या हाती काठी होती, आणि कोण खाली वाकले होते?

विचार करता वाटले, साध्या शब्दावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, अशी भीती वाटली म्हणजेच माणूस त्यावर खरेपणाचा शिक्का मारतो. हरघडी मारून तो शिक्का झिजतो, हा दोष भाषेचा खराच. परंतु त्या मुलीजवळ दुसरा शिक्का नव्हता. तिने तो योग्य जागी, अचूक अर्थाने वापरला होता. आणि वर्गात तो अर्थ जाणणारा एकटा मीच असूनही मला तो ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची क्षमा मागितली. ती संकोचून म्हणाली, “असू दे, सर.”

‘लिटरली’वरचा माझा राग अजून गेलेला नाही. मात्र आता मी आधी मुलाचे वाक्य पुरते ऐकून घेतो. शब्द त्यानंतर तपासतो.