टीव्हीतली पिवळी रेघ

मुलांनो, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं गाव आहे. गाव कसलं, मधोमध एक विद्यापीठ आणि भोवती घरं! माझा भाचा तिथे शिकत होता तेव्हा मी महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. त्या विद्यापीठाचं फुटबॉलचं स्टेडियम आहे. (त्यांचा फुटबॉल वेगळा बरं का. लांबट चेंडू बगलेत धरून धावायचं आणि एकमेकांच्या अंगावर कोसळायचं.) त्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार ६०१ माणसं बसतात! आणि खेळतात कोण, तर कॉलेजातली पोरं. आमच्या कॉलेजच्या खो-खोला प्रेक्षक मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची.

शनिवारी सकाळी भाचा म्हणाला, "मामा, मैदानावर जायचं की घरी बघायचं?"

"अरे, मैदान तर चालत वीस मिनिटांवर!"

"हो, पण तिकीट महाग, थंडी मरणाची. आणि खरं सांगू? घरी जास्त चांगलं दिसतं."

मी हट्टानं त्याला मैदानावर नेलं. तिथे बसलो आणि त्याचं म्हणणं पटायला लागलं. त्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. टीव्हीवर बघताना कुठवर पोचायचं ते दाखवणारी एक पिवळी रेघ गवतावर दिसते. मैदानात मी ती शोधतोय, शोधतोय, सापडेना! भाचा हसायला लागला. ती रेघ गवतावर नसतेच. संगणक ती फक्त घरच्या प्रेक्षकांसाठी काढतो, १९९८ पासून. मैदानातल्या लोकांसाठी कडेला काही माणसं दोन काठ्या आणि साखळी घेऊन उभी असतात, झालं.

मध्येच एक माणूस मैदानात येऊन उभा राहायचा. तो उभा आहे तोवर खेळ बंद. का? तर टीव्हीवर जाहिराती चालू आहेत! घरचे लोक तेवढ्यात चहा करून घेतात, मैदानातले हात चोळत बसतात. साठ मिनिटांचा खेळ, संपायला साडेतीन तास. तेव्हा मला कळलं की टीव्ही माणसांना नुसता घरी बसवत नाही, मैदानात आलेल्यांनाही ताटकळत ठेवतो.

गंमत म्हणजे अमेरिकेत टीव्हीवर दिसलेला पहिला खेळ कॉलेजचाच होता. १७ मे १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन यांचा बेसबॉलचा सामना झाला. कोलंबिया म्हणजे आपले बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले तेच विद्यापीठ. कॅमेरा एकच होता. तेव्हा कोणाला भीती वाटली नाही, कारण घरात टीव्ही होतेच किती? पण पुढच्या दहा-बारा वर्षांत घरोघरी टीव्ही आले आणि कॉलेजं घाबरली. सामना फुकटात दिसला तर तिकीट कोण काढणार? १९५१ मध्ये त्यांच्या संघटनेनं नियमच केला, की टीव्हीवर मोजकेच सामने दाखवायचे. तो नियम १९८४ पर्यंत टिकला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला आणि मग सामन्यांचा पूर आला.

आणि गर्दी? लगेच ओसरली नाही! मोठ्या कॉलेजांच्या सामन्यांची सरासरी २००८ मध्ये ४६ हजारांच्या वर गेली होती. उतरण त्यानंतर लागली. २०१८ मध्ये ती सुमारे ४२ हजारांवर आली. एव्हाना घरचे पडदे भिंतीएवढे झाले होते आणि खिशात फोन आला होता. अलाबामा विद्यापीठात तर विद्यार्थी अर्ध्या सामन्यातून उठून जायला लागले. २०१९ मध्ये त्यांनी युक्ती काढली. फोनवरच्या अ‍ॅपनं बघायचं कोण शेवटपर्यंत थांबतो, आणि थांबेल त्याला गुण द्यायचे! मला हे काही आवडलं नाही. खेळ बघायलाही हजेरी?

मला त्या मोठ्या कॉलेजांची फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते छोट्यांची. १९५१ च्या त्या भीतीत एक भीती हीही होती, की नामांकित संघ टीव्हीवर असला तर गावातल्या छोट्या कॉलेजचं मैदान ओस पडेल. हे मला लगेच समजलं, कारण आपल्याकडे नेमकं हेच होतं. सांगलीला माझी पुतणी कॉलेजच्या संघातून खो-खो खेळते. तिचा सामना कोणी टीव्हीवर दाखवत नाही. तरी टीव्ही तिचे प्रेक्षक पळवतो, कारण त्याच दुपारी भारताची क्रिकेटची मॅच असते.

म्हणजे लोक मैदानावर येतच नाहीत असं नाही हं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत विराट कोहली रणजी सामना खेळला, तेव्हा हजारो लोकांनी रांगा लावल्या. सामना थेट दाखवत असूनही! विराट ६ धावांवर बाद झाला आणि बरेचजण उठून गेले, ते सोडा.

गेल्या वेळी पुतणीच्या सामन्याला मी धरून अकराजण होतो. तिनं खांबाजवळ असा सूर मारला, की समोरची मुलगी वळायच्या आत बाद! टाळ्या वाजल्या अकराजणांच्या. परत येताना मी विचारलं, "कोणी नसतं, वाईट नाही वाटत?"

"सवय झालीय काका. पण पळताना दोन-अडीच मिनिटांनी दम संपतो ना, तेव्हा कोणीतरी ओरडायला हवं. तेवढ्यावर अजून अर्धा मिनिट निघतो."

खो-खोत अर्धा मिनिट म्हणजे काय, ते खेळणाऱ्यालाच ठाऊक.

पुढचा सामना मिरजेला आहे. शेजारच्या दोन पोरांना विचारलंय. एक येतो म्हणाला. दुसरा म्हणाला, "काका, मोबाईलवर दाखवणार आहेत का?"